मागणाऱ्या मुलांचा सण : हॅलोवीन, मराठी लोकपरंपरा आणि बाजारीकरणाचा प्रश्न

गोषवारा

हिंजवडी-मारुंजी परिसरातील गृहसंकुलांत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी हॅलोवीन साजरा करण्याची प्रथा अलीकडे रुजू लागली आहे. या सणाविषयीची चर्चा प्रामुख्याने दोन आक्षेपांभोवती फिरते : तो परका आहे आणि तो बाजारू आहे. प्रस्तुत लेखात हे दोन्ही निकष तपासले असून ते अपुरे असल्याचे प्रतिपादन केले आहे. मुलांनी दारोदार जाऊन खाऊ मागणे या कृतीचा युरोप-अमेरिकेतील इतिहास आणि तान्हा पोळा, भुलाबाई, शिमगा व संक्रांत यांतील तिची मराठी रूपे यांची येथे तुलना केली आहे. कोणाच्या दारी कोणत्या मुलाला मागता येते, हा प्रश्न अशा सणाच्या मूल्यमापनाच्या केंद्रस्थानी असावा, अशी भूमिका त्यातून मांडली आहे.

बीजसंज्ञा : हॅलोवीन, बाजारीकरण, बोजारा, पोस्त, तिळगूळ, गृहसंकुल, मारुंजी.

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील मारुंजी हे हिंजवडीला लागून असलेले गाव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसविल्यानंतर या गावाच्या शेतजमिनींचे स्वरूप झपाट्याने पालटले. जुने गावठाण, त्याभोवती भाड्याच्या खोल्या, बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या वस्त्या, महाविद्यालये व वसतिगृहे आणि या सर्वांच्या मधोमध प्रवेशद्वार, सुरक्षारक्षक व कुंपणभिंत असलेली उंच गृहसंकुले, असे या परिसराचे आजचे चित्र आहे. संकुलांतील रहिवासी महाराष्ट्राच्या सर्व भागांतून, तसेच देशाच्या अन्य राज्यांतून आलेले आहेत. त्यांपैकी काही नोकरीनिमित्त अमेरिकेत राहून परतलेले आहेत.

या संकुलांमध्ये ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लहान मुले भुताखेतांची सोंगे घेऊन, हातात भोपळ्याच्या आकाराच्या प्लास्टिकच्या बादल्या घेऊन घरोघर जातात आणि चॉकलेटे गोळा करतात. या प्रथेला इंग्रजीत ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतात. ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी सहन करा’ असा तिचा अर्थ आहे. २०२४ साली ३१ ऑक्टोबर हाच नरक चतुर्दशीचा दिवस होता. त्यामुळे पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी हॅलोवीन असा योग जुळून आला आणि ‘हे आपले आहे काय?’ हा प्रश्न अधिक तीव्रतेने पुढे आला.

या प्रश्नाला साधारणतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एका मते, हा परका सण असून चॉकलेट व पोशाख विकणाऱ्यांनी तो आपल्या माथी मारला आहे. दुसऱ्या मते, मुलांना आनंद मिळतो एवढे पुरे आहे, त्यात संस्कृतीचा प्रश्न आणू नये. दोन्ही उत्तरांत एक उणीव समान आहे. सणाच्या मुळाशी असलेल्या कृतीकडे, म्हणजे एका मुलाने दुसऱ्याच्या दाराशी जाऊन काही मागणे आणि त्या घराने ते देणे याकडे, दोन्ही बाजू पाहत नाहीत. प्रस्तुत लेखाचा हेतू या कृतीची चिकित्सा करणे हा आहे.

भिक्षेकडून खेळाकडे : हॅलोवीनचा प्रवास

हॅलोवीन म्हणजे ‘सर्व संतांच्या दिवसाची’ पूर्वसंध्या. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस मानला जातो. आयर्लंड व स्कॉटलंडमधील केल्टिक लोकांचा सुगी संपून हिवाळा सुरू होतानाचा ‘साविन’ हा सण याच सुमारास येत असे. त्या रात्री जिवंतांच्या व मृतांच्या जगांमधील सीमा पुसट होते, अशी समजूत होती. हॅलोवीनमधील भुतांचा उगम या दोन प्रवाहांच्या संगमात शोधला जातो. निकोलस रॉजर्स यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या सणाच्या रूपांतरांचा विस्तृत मागोवा घेतला आहे.

येथे अधिक महत्त्वाची आहे ती मागण्याची प्रथा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब लोक व मुले घरोघर जात आणि मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या बदल्यात छोट्या गोड पोळ्या किंवा केक मागत. शेक्सपिअरच्या ‘द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ या नाटकात या दिवसांतील भिकाऱ्याच्या रडव्या स्वराचा उल्लेख येतो. प्रेक्षकांना तो सहज कळावा इतकी ही प्रथा त्या काळी परिचित होती. म्हणजे मुळात हे मागणे गरिबाचे होते. मात्र ते निव्वळ भिक्षेचे नव्हते. मागणारा देणाऱ्याला प्रार्थना देत होता आणि ती मिळणे ही देणाऱ्याची गरज होती.

एकोणिसाव्या शतकात आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर हा सण उत्तर अमेरिकेत गेला. सलगम कोरून केलेल्या दिव्याची जागा तेथे भोपळ्याने घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी या रात्री तरुण मुलांच्या खोड्यांचा उपद्रव वाढला. फाटके उचकटणे, खिडक्या फोडणे असे प्रकार होऊ लागले. त्यावर उपाय म्हणून नागरी संस्थांनी व कुटुंबांनी खाऊ देण्याचा मार्ग स्वीकारला. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे नियंत्रण होते. ते १९४७ साली उठल्यानंतर ‘ट्रिक ऑर ट्रीट’ ही प्रथा अमेरिकेच्या उपनगरांत सर्वत्र पसरली. १९५० पासून तेथील काही मुले याच फेरीत युनिसेफसाठी निधीही गोळा करू लागली.

या इतिहासातील एक स्थित्यंतर विशेष लक्षात घ्यावे लागते. आरंभी गरीब मागत होते आणि संपन्न देत होते. अमेरिकन उपनगरात मात्र सर्वांचीच मुले मागू लागली. डॉक्टरचे मूल कामगाराच्या दारी आणि कामगाराचे मूल डॉक्टरच्या दारी, निदान तत्त्वतः तरी, सारख्याच हक्काने उभे राहू लागले. मागण्यातील लाजिरवाणेपण त्यामुळे गळून पडले आणि त्याचा खेळ झाला. हॅलोवीनचे जे काही सामाजिक मूल्य आहे ते या स्थित्यंतरात आहे.

मराठी दारांवरील मागणे

मुलांनी दारोदार जाऊन खाऊ मागणे मराठी समाजाला मुळीच अपरिचित नाही. नागपूर व विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. भोसलेकालीन मानल्या जाणाऱ्या या परंपरेत मुले चाकांचे लाकडी बैल सजवून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी नेतात. घरातील स्त्रिया बैलाची पूजा करतात आणि मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात. त्याला ‘बोजारा’ म्हणतात. विदर्भ-खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणत एकमेकींच्या घरी जातात आणि झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखल्याशिवाय तो वाटला जात नाही. पुण्याकडील भोंडला आणि दक्षिण महाराष्ट्रातील हादगा यांतही खिरापत ओळखण्याचा हाच खेळ असतो.

खोडीचा भाग पाहावयाचा झाल्यास शिमग्याकडे पाहावे लागते. होळीसाठी गावातील पोरांनी लाकडे व गोवऱ्या मागून आणणे आणि न मिळाल्यास त्या चोरणे ही सर्वपरिचित चाल होती. अंगणातील लाकूडफाटा सांभाळण्यासाठी लोक रात्री जागत असत, पण चोरी झालीच तर ती रूढीने माफ असे. शिमग्याला आणि दिवाळीला मागितल्या जाणाऱ्या बक्षिसीला मराठीत ‘पोस्त’ हा स्वतंत्र शब्द आहे. कोकणात शिमग्यातील सोंगे घरोघर नाचून आपला मान घेतात. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या अक्राळविक्राळ प्रतिमा उभारल्या जातात आणि पहाटे त्या जाळल्या जातात. सोंग, भय, खोडी आणि मागणे हे हॅलोवीनचे चारही घटक मराठी-कोकणी मुलखात निरनिराळ्या सणांत विखुरलेले आढळतात.

मारुंजीसारख्या पुणे जिल्ह्यातील गावाला यांपैकी सर्वांत जवळचा दाखला संक्रांतीचा आहे. मुले नवे कपडे घालून, छोट्या डब्यात तिळगूळ किंवा हलवा घेऊन घरोघर जातात, प्रत्येकाच्या हातावर चार दाणे ठेवतात आणि तितकेच परत घेतात. हे मागणे आहे आणि देणेही आहे. चार वर्षांचे मूल येथे दाता असते. मार्सेल मॉस या फ्रेंच विचारवंताने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या दानविषयक निबंधात देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तीन बंधने एकत्र मांडली आहेत. तिळगुळाच्या देवघेवीत ही तिन्ही बंधने एका मुठीत मावतात.

तथापि मराठी दाराचे हे चित्र केवळ गोड नाही, हेही नोंदविणे आवश्यक आहे. याच दाराशी बलुतेदारी व्यवस्थेतील काही जातींना सक्तीने भाकरी मागावी लागत होती. महारांना अंगणाबाहेर उभे राहून मिळेल ते पदरात घ्यावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वतनाविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील अशी कनिष्ठ वतने रद्द झाली. दया पवार यांच्या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे नावच ‘बलुतं’ आहे. हळदीकुंकवात विधवांना स्थान नव्हते आणि अनेक ठिकाणी अजूनही नसते. भोंडला मुलींचा, तर शिमग्याची लाकडे गोळा करणे मुलांचे. म्हणजे मराठी परंपरेतही कोणी, कोणाच्या दारी, किती अंतरावर उभे राहून मागावे हे जात आणि लिंग ठरवीत होते.

या तुलनेतून एक भेद स्पष्ट होतो. ज्याला मागितल्याशिवाय गत्यंतर नाही, केवळ त्यानेच मागावे अशी जेथे व्यवस्था असते तेथे मागणे अपमान असतो. ज्यांना गरज नाही तेही त्याच दिवशी, त्याच रीतीने मागतात तेथे मागणे उत्सव होते.

बाजारीकरण : एका निकषाची मर्यादा

हॅलोवीन बाजारू झाला आहे यात शंका नाही. अमेरिकेतील किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साली या एका सणावरील तेथील खर्चाचा अंदाज १२.२ अब्ज डॉलर इतका वर्तविला होता. भारतीय चलनात ही रक्कम सुमारे एक लाख कोटी रुपये होते. आपल्याकडेही ऑक्टोबर महिन्यात दुकानांत व संकेतस्थळांवर मुखवटे, कृत्रिम कोळिष्टके आणि चॉकलेटचे संच दिसू लागतात. ज्या मृतांच्या स्मरणातून हा सण जन्मला त्यांचा मात्र येथे मागमूसही नाही. वसई परिसरातील मराठी भाषक कॅथॉलिक कुटुंबे २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आप्तांच्या थडग्यांवर फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात. गृहसंकुलातील प्लास्टिकच्या सांगाड्याचा या स्मरणाशी काही संबंध उरलेला नाही.

परंतु हाच निकष ‘आपल्या’ सणांना लावून पाहिला तर काय दिसते? बोरन्हाणासाठी हलव्याच्या दागिन्यांचे संच, सजावट आणि छायाचित्रकार यांची एकत्रित व्यवस्था विकत मिळते. संक्रांतीच्या वाणात प्लास्टिकच्या वस्तूंची चढाओढ असते. दहीहंडीतील बक्षिसांच्या रकमा आणि थरांची स्पर्धा इतकी वाढली की २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाला उंची व वय यांवर मर्यादा घालणारा आदेश द्यावा लागला. १८९३ साली पुण्यात सार्वजनिक रूप लाभलेल्या गणेशोत्सवाच्या मंडपांच्या कमानी आज जाहिरातींनी व्यापलेल्या असतात. दिवाळीत पुणे परिसरातील मुले पूर्वी माती, दगड आणि पोती घेऊन अंगणात किल्ला करीत, त्यावर अळीव पेरीत. आता तयार किल्ले बाजारात विकत मिळतात. बाजारीकरण हाच दोष मानावयाचा असेल, तर त्या आरोपातून एकही सण सुटणार नाही.

‘परकेपणा’चा निकषही असाच डळमळीत आहे. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ साली संपादित केलेल्या ग्रंथाने पुरातन वाटणाऱ्या अनेक परंपरा अगदी अलीकडे घडविल्या गेल्या असल्याचे दाखवून दिले. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे महाराष्ट्र मंडळांतून गणपती बसवितात आणि त्यांची मुले ऑक्टोबरअखेर शेजाऱ्यांच्या दारी खाऊ मागावयास जातात. त्या शेजारात ही मुले परकी ठरत नाहीत, ती याच फेरीमुळे. सण कोठून आला यावरून तो येथे काय करतो हे कळत नाही.

येथे ली एरिक श्मिट या अमेरिकन अभ्यासकाचे १९९५ सालचे विवेचन उपयुक्त ठरते. अमेरिकन सणांचा इतिहास तपासताना बाजार आणि श्रद्धा यांचे पूर्ण वेगळे कप्पे करता येत नाहीत, असे त्यांनी दाखविले आहे. हे मान्य केले तरी बाजारीकरणाविषयी उदासीन राहण्याचे कारण नाही. बाजार सणात शिरला काय, या प्रश्नाऐवजी बाजाराने सणातील कोणत्या गोष्टीची जागा घेतली, हे विचारणे आवश्यक आहे. घरच्या केकची जागा कारखान्यातील चॉकलेटने घेतली तर वस्तू बदलते, देणारा व घेणारा यांचे नाते टिकते. परंतु दाराचीच जागा दुसऱ्या कशाने घेतली तर नातेच नाहीसे होते.

अमेरिकेत हे घडताना दिसते. परक्या माणसाने दिलेल्या खाऊत विष किंवा पाते असेल ही भीती तेथे १९७० च्या दशकापासून बळावली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट व जेराल्ड होरिउची यांनी १९८५ साली वृत्तपत्रीय नोंदींची छाननी केली, तेव्हा अनोळखी व्यक्तीने अशा रीतीने मुलाचा जीव घेतल्याचा एकही सिद्ध झालेला प्रसंग त्यांना आढळला नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये एका मुलाला खाऊतून विषबाधा झाली होती, पण ते विष त्याच्या वडिलांनीच घातले होते. तरीही भीती टिकली आणि तिने घरी केलेला खाऊ हद्दपार करून कारखान्यातील बंद वेष्टनालाच ‘सुरक्षित’ ठरविले. पुढे शाळा-चर्चच्या वाहनतळावर गाड्यांच्या डिकीतून खाऊ वाटण्याची प्रथा सुरू झाली. तेथे चॉकलेट आहे, सोंग आहे, पण दार नाही. अनोळखी शेजाऱ्याकडे जाण्याचे छोटेसे धाडसही नाही.

मारुंजीचे दार

या निकषावर मारुंजी-हिंजवडी पट्ट्यातील हॅलोवीन कोठे उतरतो? त्याची एक बाजू निःसंशय जमेची आहे. मोठ्या संकुलात शेकडो सदनिका असतात. समोरच्या दारामागे कोण राहते हे वर्षानुवर्षे ठाऊक नसते. तमिळ, बंगाली, हिंदी, मराठी अशा नाना भाषांची कुटुंबे एका मजल्यावर राहतात. त्यांचे सण, तिथ्या व नैवेद्य वेगळे असतात. अशा ठिकाणी ज्या सणाला सोवळे नाही, जातीचा वा धर्माचा अडसर नाही, मुलगा-मुलगी हा भेद नाही आणि ज्यात विधवेच्या हातूनही मूल आनंदाने खाऊ घेते, तो सण काही प्रमाणात शेजार निर्माण करतो. एरवी बंद असणारी दारे त्या संध्याकाळी मुलांसाठी उघडतात. सभागृहात व्यासपीठ उभारून होणाऱ्या वेशभूषा स्पर्धेपेक्षा हे निश्चितच मोलाचे आहे. ‘मुलांना आनंद मिळतो’ असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने याहून अधिक सबळ मुद्दा आहे तो हाच.

दुसरी बाजू प्रवेशद्वारापाशी दिसते. साधारणतः आधी भ्रमणध्वनीवरील गटात यादी केली जाते. सहभागी घरांच्या दारावर खूण लावली जाते, वेळ ठरते आणि वर्गणी जमते. मुले यादीतील दारीच जातात. ही सोय समजण्याजोगी आहे. तथापि या यादीतून संकुलातच रोज वावरणारा एक मोठा वर्ग आपोआप वगळला जातो. धुणीभांडी व स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया, सुरक्षारक्षक, सफाई कामगार, उद्वाहन सांभाळणारे कर्मचारी आणि पलीकडच्या इमारतीचे काम करणारे मजूर यांची मुले कुंपणाबाहेर काही शे पावलांवर राहतात. आईला रोज सकाळी ओळखपत्र दाखवून आणि ॲपवर नोंद करून ज्या दारातून प्रवेश मिळतो, त्याच दाराची घंटा तिच्या मुलाला त्या संध्याकाळी वाजविता येत नाही.

उरलेली चॉकलेटे दुसऱ्या दिवशी ‘मुलांना ने’ म्हणून कामवाल्या बाईंच्या हाती दिली जातात, हे दृश्यही अपरिचित नाही. यामागील भावना वाईट असते असे म्हणण्याचे कारण नाही. चॉकलेटही तेच असते. परंतु एका मुलाने सोंग घेऊन, घंटा वाजवून, समोरच्याला दचकवून ते मिळविलेले असते आणि दुसऱ्याला ते उरलेले म्हणून मिळते. पहिल्याच्या वाट्याला सण येतो, दुसऱ्याच्या वाट्याला दान. मागण्याचा अधिकारच वाटून घेतला जात नसेल, तर खाऊ कितीही वाटला तरी ही दरी बुजत नाही. मध्ययुगीन प्रथेत गरजू मागत होता. अमेरिकन उपनगरात, निदान तत्त्वतः, सर्वच मागत होते. कुंपणाआडच्या हॅलोवीनमध्ये ज्यांना मागण्याची गरज नाही तेच तेवढे मागतात. सणाने जे स्थित्यंतर घडविले होते त्याची ही उलटी बाजू आहे. हॅलोवीनवर बाजारूपणाचा आरोप करणाऱ्यांनी खरे तर येथे बोट ठेवावयास हवे.

हा दोष हॅलोवीनपुरता मर्यादित नाही. संकुलातील भोंडला, दहीहंडी आणि दिवाळी पहाटही याच भिंतीच्या आत होतात. संक्रांतीला तिळगुळाचा डबा घेऊन निघणारे मूलही उद्वाहनाने वरखाली जाते आणि प्रवेशद्वारापाशी थांबते. गावठाणातील मूल गावठाणात फिरते, संकुलातील मूल संकुलात. परका सण हटवून आपला आणल्याने ही स्थिती बदलत नाही.

काही आक्षेपांचा विचार

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला सुरक्षिततेचा. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची काळजी रास्त आहे आणि हजारो रहिवाशांच्या संकुलाचे दार कोणालाही मुक्त ठेवता येणार नाही. परंतु संकुलात काम करणाऱ्या कुटुंबांची मुले अनोळखी नसतात. त्यांच्या पालकांची नोंद व्यवस्थापनाकडे असते. ज्या स्त्रीच्या हाती घराची किल्ली सोपविली जाते, तिच्या मुलाला तासभर यादीत स्थान देण्यात कोणता धोका आहे, याचे उत्तर देणे सोपे नाही. येथे सुरक्षेच्या नावाखाली प्रत्यक्षात सवयीचे रक्षण होत असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कष्टकऱ्यांच्या मुलांना संपन्नांच्या दारी खाऊ मागावयास बोलाविणे म्हणजे जुन्या बलुत्याचीच नवी आवृत्ती नव्हे काय? हा धोका खरा आहे. कामगारांच्या मुलांना वेगळ्या वेळी, वेगळ्या रांगेत उभे करून खाऊ वाटला आणि त्याची छायाचित्रे काढली, तर ती निश्चितच बलुत्याची आवृत्ती होईल. ते टाळावयाचे तर दोन अटी पाळाव्या लागतील. सर्व मुलांनी मिसळून, एकाच फेरीत, मुखवट्याआड एकसारखे होऊन मागावे, ही पहिली अट. सोंगाचा मूळ उपयोगही हाच आहे : मुखवट्यामागचे मूल कोणाचे हे क्षणभर कळू नये. दुसरी अट अशी की मागणाऱ्या प्रत्येक मुलाला कधी तरी दाता होता यावे आणि संकुलातील मुलानेही कधी तरी गावठाणाच्या दारी हात पुढे करावा.

दुसरी अट हॅलोवीनमध्ये पूर्ण होत नाही, कारण त्यात मूल केवळ घेते. ती संक्रांतीत पूर्ण होते. म्हणून या दोन सणांना प्रतिस्पर्धी न मानता एकाचे न्यून दुसऱ्याने भरून काढणे शक्य आहे. हॅलोवीनकडून अनोळखी दाराची घंटा वाजविण्याचे धैर्य आणि सोवळ्याचा अभाव घ्यावा. तिळगुळाकडून घेण्याआधी देण्याची रीत घ्यावी. ऑक्टोबरअखेरीस संकुलात ज्या मुलांना एकत्र फिरता आले, त्यांनी जानेवारीत तिळगुळाचे डबे घेऊन गावठाणात व कामगार वस्तीत जाणे ही काही खर्चाची वा अवघड गोष्ट नाही. परिसरातील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांना अशा फेरीत मुलांसोबत राहता येईल. मराठी व समाजशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांना गावठाणातील वृद्धांकडून शिमग्याच्या पोस्ताच्या आणि संक्रांतीच्या आठवणी नोंदवून घेता येतील. झपाट्याने बदलणाऱ्या या पट्ट्यात त्या सांगणारी पिढी फार काळ उपलब्ध राहणार नाही.

समारोप

हॅलोवीन अर्थपूर्ण आहे की केवळ बाजारू, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही, असे वरील विवेचनावरून म्हणता येईल. बाजार सर्वच सणांत शिरला आहे आणि परकेपणा काळाच्या ओघात विरतो. मुलांनी दारोदार मागण्याचा सण कितपत सार्थ आहे हे ठरविताना तीन गोष्टी पाहाव्यात : मूल स्वतः काही करून, सोंग घेऊन वा गाऊन मागते काय, ज्या दारी ते जाते ते दार त्याच्या नेहमीच्या वर्तुळाबाहेरचे आहे काय, आणि ज्यांना गरज नाही व ज्यांना गरज आहे अशा दोन्ही घरांतील मुले एकाच फेरीत आहेत काय. पहिल्या कसोटीवर गृहसंकुलातील हॅलोवीन अंशतः उतरतो. दुसरीवर तो आपल्या अनेक पारंपरिक सणांहून सरस ठरतो. तिसरीवर तो अनुत्तीर्ण होतो, आणि कुंपणाआड साजरे होणारे आपले सणही त्याच्याबरोबर अनुत्तीर्ण होतात.

मारुंजीत एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना वाढणारी मुले उद्या एकाच शहराचे नागरिक होणार आहेत. त्यांपैकी एका बाजूच्या मुलांनी दुसऱ्या बाजूच्या घराचे दार आतून कधीच पाहिले नाही, तर त्याची जबाबदारी चॉकलेटच्या कारखानदारांवर टाकता येणार नाही. दाराची कडी घरमालकाच्या हाती असते.